जपून ठेवलेल्या गोळ्या

घरातील सून अथवा माहेरी आलेली लेक गरोदर असावी, तिचा चेहरा पांढुरका दिसू लागावा, नळावरून घागर आणताना मध्येच तिला उंबऱ्यावर टेकावे लागावे, म्हणजे घरातील वडीलधारी बाई ‘हिच्या अंगात रक्तच नाही’ असे म्हणते. हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजतेने उच्चारले जाते, की आज आभाळ भरून आले आहे असे कोणी म्हणावे, त्याहून अधिक त्यात काही आहे असे कोणास वाटत नाही. जिच्याविषयी ते म्हटले जाते, तीही हसून सोडून देते. गरोदरपणी बाईने थकावयाचेच, असे तिला तिच्या आईने सांगितलेले असते, आणि आईस आजीने. शिवाय थकलेल्या बाईचे काम कोणी उरकून देते, असेही नाही.

परंतु हे वाक्य पुष्कळदा अक्षरशः खरे असते. रक्तास तांबडेपणा आणणारे जे द्रव्य, त्यास हिमोग्लोबिन म्हणतात. श्वासावाटे घेतलेला प्राणवायू अंगभर पोचविण्याचे काम तेच करते, आणि लोहावाचून ते तयार होत नाही. गरोदर स्त्रीच्या एक डेसिलीटर रक्तात ते 11 ग्रॅमहून कमी भरले, तर तिला रक्तक्षय झाला असे समजतात. सातच्या खाली गेले, तर तो तीव्र रक्तक्षय. आता नऊ महिन्यांत तिला लोह लागते तरी किती? सुमारे 1000 मिलिग्रॅम, म्हणजे एक ग्रॅम. चिमूटभर मिठाएवढे वजन. त्यांपैकी 300 मिलिग्रॅम बाळ व वार घेऊन जातात, सुमारे 500 तिच्या स्वतःच्या वाढलेल्या रक्तासाठी लागतात (दिवस भरत येताना तिच्या अंगातील रक्त जवळजवळ दीडपट होते), आणि उरलेले शरीराच्या नित्याच्या झिजेत जातात. एवढेसे लोह, पण धान्यात व पालेभाजीत असलेल्या लोहाचा अगदी लहान अंशच आतडी शोषून घेतात. म्हणून चांगले खाणाऱ्या बाईसही हा हिशेब नुसत्या भाकरीवर जुळविता येत नाही.

ही काही आपल्याच चार घरांची गोष्ट नव्हे. 2019 ते 2021 या वर्षांत देशभर जी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली, तीत शंभर गरोदर स्त्रियांपैकी 52 जणींना रक्तक्षय असल्याचे आढळून आले. सरकार 1970 सालापासून लोहाच्या गोळ्या वाटीत आहे. 2018 साली ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ या नावाने त्या कार्यक्रमास नवे रूप आले. गोळी फुकट मिळते. चौथ्या महिन्यापासून बाळंतपणापर्यंत रोज एक, व बाळंतपणानंतरही 180 दिवस रोज एक, असा नियम आहे. तरीही त्याच पाहणीत, गरोदरपणी 180 दिवस वा त्याहून अधिक गोळ्या घेतल्याचे सांगणाऱ्या माता शंभरात केवळ 26 निघाल्या. उरलेल्या गोळ्या कोठे जातात?

मी टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटाच्या अलीकडे राहते. आमच्या महिला मंडळाच्या वतीने आम्ही दोघी-तिघी कधी शहरातल्या, तर कधी खानापूरकडच्या खेड्यांतल्या ख्रिस्ती कुटुंबांस भेटी देतो. गरोदर व बाळंत बायांची विचारपूस करणे, हा त्यातलाच एक भाग. कर्नाटकात गरोदर स्त्रीस सरकारी दवाखान्यातून जे कार्ड देतात, त्यास ‘तायी कार्ड’ म्हणतात. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. आमच्या मराठी बाया मात्र त्यास खुशाल ‘ताईकार्ड’ म्हणतात आणि ते थोरल्या बहिणीने दिल्यासारखे जपतात. भाषेचा हा गोंधळ मला तरी गोड वाटतो. 

अशाच एका खेड्यात एका घरी आम्ही गेलो होतो. सुनेस सातवा महिना होता. कार्डावर गोळ्या दिल्याच्या नोंदी बिनचूक होत्या, पण हिमोग्लोबिनचा आकडा पहिल्या तपासणीपेक्षा खाली उतरला होता. गोळ्या घेता ना, असे मी विचारताच सासूबाई उठल्या. पवित्र मरियेच्या तसबिरीखालच्या फळीवरून त्यांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला आणि मोठ्या अभिमानाने माझ्यापुढे उघडला. लाल गोळ्यांच्या पट्ट्या, एकीवर एक, नीट रचून ठेवलेल्या. त्या म्हणाल्या, “एक बी वाया जाऊ दिली न्हाई बघा बाई. समद्या जपून ठिवल्यात.”

मी हसले नाही, आणि रागावण्यासारखेही त्यात काही नव्हते. त्या बाईंनी आयुष्यभर प्रत्येक वस्तू जपूनच संसार केला होता. सरकारने दिलेले औषध त्यांनी अडीअडचणीस लागेल म्हणून राखून ठेवले, इतकेच. दुखले-खुपले म्हणजे गोळी घ्यावयाची, दुखत नसता कशाला, हा त्यांचा विचार कोणत्याही शहाण्या माणसाचा असावा तसाच होता. रक्तक्षय दुखत नाही, हीच तर त्याची लबाडी आहे. सुनेने मात्र नंतर अंगणात मला हळूच सांगितले, की आरंभी चार दिवस तिने गोळी घेतली होती. मळमळले, शौचास काळे झाले, तेव्हा ती घाबरली, आणि सासूबाई म्हणाल्या, राहू दे.

अडचण कळली, ती ही. ती दूर करावयास डॉक्टरांपेक्षा घरातलेच माणूस लागते. शौचास काळे होणे, हे गोळीतील न पचलेले लोह बाहेर पडल्याचे चिन्ह आहे. त्यात भिण्यासारखे काही नाही. मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरते. गोळी रिकाम्या पोटी अधिक अंगी लागते हे खरे, पण जिला ती सोसत नाही, तिने रात्रीच्या जेवणानंतर तासा-दोन तासांनी, निजण्यापूर्वी घ्यावी, म्हणजे मळमळीचा वेळ झोपेत निघून जातो. बद्धकोष्ठ झाल्यास पाणी, फळे व भाज्या वाढवाव्यात. तरीही त्रास थांबला नाही, तर नर्सबाईंस सांगावे, त्या दुसरा उपाय सुचवितात. गोळीने बाळ काळे निपजते, ही समजूत निव्वळ खोटी. बाळाचा वर्ण आईबापांवर जातो, गोळीवर नव्हे. बाळ फार मोठे होऊन पोट फाडावे लागते, हीदेखील तशीच एक कंडी. उलट रक्त कमी असलेल्या आईचे मूल कमी वजनाचे अथवा दिवस भरण्याआधी जन्मण्याचा धोका अधिक असतो.

आणि चहा! याविषयी मला जरा सविस्तर लिहावयाचे आहे, कारण आमच्या भागात चहा हे पेय राहिलेले नसून तो एक शिष्टाचार झाला आहे. कोणी आले की चहा, कोणी निघाले की चहा, आणि गोळी घ्यावयाची तर तीही चहाच्याच घोटाबरोबर. चहातील तुरट द्रव्य लोहास धरून बसते व आतड्यांना ते शोषू देत नाही. गोळी पोटात गेली खरी, पण तिचा मोठा भाग तसाच बाहेर पडतो. दुधाचीही थोडीफार तीच गत. म्हणून गोळीच्या आधी तासभर व नंतर दोन तास चहा-कॉफी नको. पाण्याबरोबर घ्यावी, आणि त्यात अर्धे लिंबू पिळले तर फारच उत्तम. आंबट फळातील क जीवनसत्त्वामुळे लोह चांगले शोषले जाते. गरोदर स्त्रीस चुन्याच्या म्हणजे कॅल्शियमच्या गोळ्याही मिळतात. त्या व या एकदम गिळून मोकळे होण्याकडे बायांचा कल असतो. तसे करू नये, दोहोंत किमान दोन तासांचे अंतर असावे. आणखी एक सूचना आयांसाठी: ही लाल, गोड वेष्टणाची गोळी लहान मुलास खाऊसारखी दिसते, आणि मुलाने मूठभर खाल्ल्यास ती प्राणावर बेतते. तेव्हा डबा उंच ठेवावा. उंच ठेवावा, पण रोज उघडावा.

त्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असते व त्याच्या जोडीस 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल. या दुसऱ्या द्रव्याचा शोध मुंबईतल्या गरीब गरोदर बायांच्या आजारातून लागला, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर बाई 1928 साली मुंबईस आली. गिरणीत राबणाऱ्या गरोदर स्त्रिया विशिष्ट प्रकारच्या रक्तक्षयाने मरत होत्या, त्याचे कारण तिला शोधावयाचे होते. हाफकिन संस्थेत काम करताना तिने रोगाचे जंतू शोधले, आणि त्याचबरोबर त्या बाया खातात काय, हेही पाहिले. आणि ज्यांच्या ताटात भाजी, फळे व सत्त्वाचे अन्न सर्वांत कमी, त्यांच्यातच हा रोग अधिक, असे तिच्या ध्यानात आले. यीस्टपासून केलेला मार्माइट नावाचा स्वस्त पदार्थ देऊन तिने त्यांतल्या अनेकींना बऱ्या केल्या आणि 1931 साली तो अनुभव प्रसिद्ध केला. मार्माइटमधले ते गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखले गेले. 1941 साली ते पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले. परक्या देशातून आलेल्या बाईने गरीब बाईच्या ताटात डोकावून पाहिले, तेव्हा कोठे औषधाचा माग लागला.

आपण आपल्या घरातल्या ताटात डोकावतो काय? रविवारी मिस्सा होऊन घरी आल्यावर मटण शिजते. प्रथम पुरुषमंडळी बसतात, मग मुले, मग सासू. सुनेचे पान शेवटी, आणि त्या पानात बहुधा रस्सा व दोन हाडे. मांसातील व मासळीतील लोह भाजीतल्यापेक्षा पुष्कळ सहज अंगी लागते. ज्या घरात ते शिजते, तेथे ते पोटुशीच्या वाट्यास येत नसेल, तर त्या घरास गरीब म्हणता यावयाचे नाही, दुसरेच काही म्हणावे लागेल. ज्यांना मटण परवडत नाही, त्यांनी शेवग्याचा पाला, माठ, कडधान्ये, अळिवाची खीर, मोड आलेली मटकी, आणि जोडीस लिंबू किंवा आवळा, हे विसरू नये. 2017 साली कर्नाटक सरकारने गरोदर व बाळंत स्त्रियांना अंगणवाडीत दुपारचे गरम जेवण देण्याची ‘मातृपूर्णा’ योजना सुरू केली. तेव्हा काही घरांतून सुनेला तेथे धाडण्यात कमीपणा मानला गेला, ‘आमच्या घरी काय अन्न नाही?’ असे म्हणून. अन्न आहे, मान्य. पण ते ताटात येण्याचा क्रम कोणता, हा प्रश्न होता.

उपवासाचेही तसेच. आपल्या भाविक बाया राखेच्या बुधवारी व शुभ शुक्रवारी पोटुशी असूनही कडकडीत उपवास करतात, आणि काहींना सबंध उपवासकाळात मांस वर्ज्य करण्याचा नवस असतो. ख्रिस्तसभेचा नियम असा नाही. आजारी व अशक्त माणसे, गरोदर स्त्रिया व अंगावर पाजणाऱ्या माता यांना उपवासाच्या बंधनातून मोकळीक आहे. शंका असेल, तर फादरांस विचारावे. ते हेच सांगतील. प्रायश्चित्त करावयाचे झाले, तर घरातल्या पुरुषांनी चाळीस दिवस आपल्या पानातील चांगला घास तिच्या पानात घालण्याचे करावे.

आता हे सारे इतक्या आग्रहाने का सांगावयाचे, ते आपल्याच जिल्ह्यातल्या एका गोष्टीवरून स्पष्ट होईल. 2002 ते 2005 या काळात बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत, घरी अथवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या 1620 स्त्रियांवर एक प्रयोग झाला. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टर त्यात होते, आणि गावोगावच्या नर्सबाईंनी तो पार पाडला. बाळ बाहेर येताच निम्म्या स्त्रियांना मिसोप्रोस्टॉल नावाचे औषध, व निम्म्यांना त्यासारखीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी देण्यात आली. औषध न मिळालेल्या शंभर स्त्रियांपैकी 12 जणींचे अर्धा लिटर वा त्याहून अधिक रक्त गेले; औषध मिळालेल्यांत हे प्रमाण सहा-साडेसहावर आले. 2006 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि आपल्या खेड्यांतला हा पुरावा जगभर गेला.

पण मला त्या बारा जणींविषयी बोलावयाचे आहे. अर्धा लिटर रक्त जाणे, हे धडधाकट बाईस सोसते; गरोदरपणी वाढलेले रक्त परमेश्वराने जणू त्याचसाठी दिलेले असते. ज्या बाईचे हिमोग्लोबिन सातावर आहे, तिला तेवढेच रक्त जाणे म्हणजे कर्जबाजारी घरावर चोरी होणे. कोणास रक्तस्राव होईल, हे आधी सांगता येत नाही. कळा सुरू झाल्यावर रक्त वाढविताही येत नाही. ते चौथ्या महिन्यापासून, एकेका गोळीने साठवावे लागते. आता बहुतेक बाळंतपणे दवाखान्यात होतात, रक्तपेढ्या आहेत, तरी खेड्यातून निघालेले वाहन पोचेपर्यंतचा वेळ बाईस आपल्याच रक्तावर काढावा लागतो. त्या पत्र्याच्या डब्याजवळ बसून सासूबाईंना मी हेच सांगितले, त्यांना समजेल अशा भाषेत: गोळी अडीअडचणीसाठी राखावयाची खरी, पण डब्यात नव्हे, सुनेच्या अंगात. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग सुनेस हाक मारून त्यांनी पाणी मागितले.

सीमाभागातली एक अडचण अशी, की जी शहरातल्या अधिकाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. निपाणीच्या सुनेचे माहेर कागलास असते, बेळगावच्या सुनेचे चंदगडास वा गडहिंग्लजास, आणि तिकडच्या मुली इकडे दिलेल्या असतात. सातव्या महिन्यात ओटी भरून मुलगी माहेरी जाते, ती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाते. बरोबर साड्या जातात, लाडूंचा डबा जातो. कार्ड मात्र सासरच्या कपाटात राहते आणि गोळ्या तेथेच संपतात. माहेरच्या आशाताईंच्या वहीत तिचे नाव नसते. नेमके ज्या तीन महिन्यांत बाळ आईकडून सर्वांत अधिक लोह घेते, त्याच महिन्यांत गोळीचा खंड पडतो. पवित्र मरिया डोंगराळ मुलखात अलिशिबेकडे गेली, तेथे सुमारे तीन महिने राहिली, असे शुभवर्तमानात आहे. पोटुशीने दुसऱ्या पोटुशीच्या आधारास जाणे, ही फार जुनी रीत. तेव्हा माहेरी जाऊ नये, असे कोण म्हणेल? ओटीच्या तांदळांबरोबर ते कार्ड व पुढील दोन महिन्यांच्या गोळ्या बांधून द्याव्यात, आणि माहेरी पोचताच दुसऱ्या दिवशी तेथील उपकेंद्रात नाव नोंदवावे. कार्ड कन्नडमध्ये भरलेले असले तरी आकडे वाचता येतात. हे काम आईचे आहे. बापानेही केले, तर त्याची प्रतिष्ठा कमी होणार नाही.

काही जणींना नुसती रोजची एक गोळी पुरत नाही. तपासणीत रक्तक्षय आढळला, तर डॉक्टर रोज दोन गोळ्या सांगतात; महिन्याभराने पुन्हा रक्त तपासून आकडा वर चढतो की नाही, ते पाहावे लागते. जंतांसाठी चौथ्या महिन्यानंतर एक गोळी देतात, तीही घ्यावी. अनवाणी शेतात वावरणाऱ्यांच्या आतड्यांतील आकडीजंत मुकाट्याने रक्त पीत असतात. गोळ्या नियमाने घेऊनही आकडा हलत नसेल, तर कारण दुसरेच असू शकते, आणि ते शोधणे डॉक्टरांचे काम. रक्त फारच उतरले असेल, अथवा दिवस भरत आले असतील, तर शिरेवाटे लोह देतात. अशा एकाच सलाइनने रोजच्या गोळीपेक्षा कितपत लाभ होतो, हे पडताळण्यासाठी 2021 सालापासून कर्नाटक व राजस्थानातील हजारो गरोदर स्त्रियांवर जो मोठा अभ्यास झाला, त्यातही बेळगावच्या याच महाविद्यालयाचा वाटा होता. शिरेतून लोह घेणे म्हणजे काहीतरी भयंकर झाले, असे समजून घाबरू नये; पण ते दवाखान्यातच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावयाचे.

दर महिन्याच्या 9 तारखेस सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते; 2016 सालापासून हा क्रम आहे. त्या दिवशी शेतावरचे काम एक वेळ राहिले, तर नवऱ्याने ते उरकावे व बायकोस घेऊन जावे. आमच्याकडे एक तरुण जोडपे आहे, त्यातला नवरा रात्री जपमाळ झाल्यावर पाण्याचा पेला व गोळी घेऊन बायकोपुढे उभा राहतो आणि ती गिळेपर्यंत हलत नाही. शेजारणी त्यास हसतात. त्याच्या बायकोचा आकडा तीन महिन्यांत साडेआठावरून अकरावर गेला आहे.

बाळ जन्मले, की घरातले सारे डोळे त्याच्याकडे वळतात. बाप्तिस्म्याची तयारी, कुंची, टोपडे, पाहुणे, जेवण. बाळंतिणीच्या गोळ्या याच गडबडीत बंद पडतात. बाळ झाले, आता कशाला, असे तीच म्हणते. पण बाळंतपणात गेलेले रक्त भरून यावयाचे असते, आणि पुढचे 180 दिवस रोज एक, हा नियम तिच्यासाठीच केलेला आहे. तेव्हा बाप्तिस्म्यास जाणाऱ्यांनी बाळाच्या हातात पैसे ठेवावेत, त्याचे मुख पाहावे, आणि मग आत जाऊन बाळंतिणीस विचारावे, की आजची गोळी घेतली का.